चुकीच्या केबलवरचा टंग टेस्टर

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. वडिलांनी ते सुरू केलं, मी त्यात वाढलो, आणि पुढे व्हीएफडी म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारे ड्राइव्ह बसवण्याचं काम जोडून घेतलं. फाउंड्रीचे ब्लोअर, पाण्याचे पंप, कूलिंग टॉवरचे पंखे ही आमची रोजची गिऱ्हाइकं. या कामात एक नियम हाताशी पक्का बसतो. ब्लोअरचा वेग कमी केला की त्याला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या हिशेबात उतरते. फ्रिक्वेन्सी 50 वरून 40 वर आणली तर हवा 80 टक्के मिळते आणि वीज जवळजवळ निम्मी लागते. त्यामुळे ‘मोटर तापते’ अशी तक्रार आली की पहिलं उत्तर ठरलेलं असायचं: वेग थोडा उतरवून बघा. बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं.

रिक्षा इलेक्ट्रिक करायला घेतली तेव्हा मी हाच नियम बरोबर घेऊन गेलो. गाडीतली मोटरही शेवटी मोटरच, फक्त खाली चाकं आली, अशी माझी समजूत होती. पुढे ज्या चुका झाल्या, त्यांतल्या बऱ्याचशा या एका समजुतीतून आल्या. हल्ली ठिकठिकाणी पोरं गाड्या इलेक्ट्रिक करण्याच्या नादाला लागली आहेत, आणि त्यांतली काही माझ्याकडे विचारायला येतात. त्यांनी तरी या वाटेनं जाऊ नये, म्हणून हे सगळं लिहून ठेवतो आहे.

पहिली गाडी जुनी प्रवासी रिक्षा होती. इंजिन काढलं, गिअरबॉक्स तसाच ठेवला आणि त्याला 48 व्होल्टची, 3 किलोवॅटची डीसी सिरीज मोटर जोडली. लेड अ‍ॅसिडच्या चार बॅटऱ्या आणि एक साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर. सिरीज मोटर निवडण्यामागचा विचार चांगला होता. तिच्यात फील्ड आणि आर्मेचर एकाच प्रवाहावर चालतात, त्यामुळे सुरुवातीची ओढ जबरदस्त मिळते. मुंबईची उपनगरी रेल्वे 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हीटी ते कुर्ला अशी विजेवर धावू लागली, तेव्हापासून कित्येक दशकं डीसी लोकल याच जातीच्या मोटरींवर चालल्या. मोटर उघडणं, भरणं, कार्बन बदलणं हे माझ्या हातातलं काम होतं. सपाट रस्त्यावर गाडी इतकी छान पळाली की मी ती पन्हाळ्याच्या घाटात न्यायची ठरवली.

इथे एक गोष्ट आधीच कबूल करतो. गाडीच्या नोंदणीत काहीही बदल केलेला नव्हता. जुन्या गाडीला इलेक्ट्रिक किट बसवायचं तर त्या किटची एआयएस-123 या मानकाप्रमाणे पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत चाचणी झालेली असावी लागते, आणि मग आरटीओकडे नोंद करावी लागते. ‘नुसती टेस्ट आहे, रात्रीचं कोण बघतंय’ म्हणून मी ती सार्वजनिक रस्त्यावर काढली. ब्रेक, वजनाची विभागणी, वायरिंग यांपैकी कशाचीच तिऱ्हाइतानं तपासणी केलेली नसताना मी त्यात माणसं बसवली. मोटर जळणं त्यापुढे फार किरकोळ होतं.

गाडी एक रिक्षावाले काका चालवत होते. मागे मी, माझा हेल्पर आणि वजनासाठी वाळूची पोती, म्हणजे सगळं मिळून 700 किलोच्या आसपास. पन्हाळ्याच्या वाटेवरचं वाघबीळ सोडून चढ लागला तसा मी टंग टेस्टर, म्हणजे केबल न तोडता प्रवाह मोजणारा चिमटा, बॅटरीच्या केबलला लावून बसलो. डीसी मोजणारा टंग टेस्टर मुद्दाम आणलेला होता. आकडा 100 च्या पुढे गेला. मोटरच्या प्लेटवर 75 अँपिअर लिहिलेलं. मी म्हणालो, “काका, सावकाश घ्या. गाडी हळू चालवली की मोटर गार राहील.” त्यांनी पाय उचलला, गाडी ताशी दहा किलोमीटरवर आली, आणि टंग टेस्टर 60 दाखवू लागला. माझा जीव भांड्यात पडला. ब्लोअरवर होतं तेच इथेही झालं, असं वाटलं.

थोड्याच वेळात काका म्हणाले, “मालक, वास येतोय की ओ.” तो वास मी लहानपणापासून ओळखतो. वार्निश जळत होतं.

दुकानात मोटर उघडली तर कम्युटेटरच्या रायझरवरचं सोल्डर वितळून आतल्या भिंतीवर उडालेलं, आर्मेचर काळं पडलेलं, कार्बनच्या शंट वायरी निळसर झालेल्या. नवीन आर्मेचर भरता भरता मी वहीत हिशेब मांडला. हा हिशेब रिक्षा बांधायच्या आधी मांडायला हवा होता. 700 किलोच्या गाडीला 10 टक्के चढावर नुसत्या चढासाठी सुमारे 690 न्यूटन बल लागतं. टायरच्या रोधाचे शंभरेक धरले तर 790. रिक्षाच्या चाकाची त्रिज्या साधारण 20 सेंटिमीटर, म्हणजे चाकावर 160 न्यूटन मीटर टॉर्क हवा. या हिशेबात वेग कुठेच येत नाही. ताशी वीसनं चढा नाही तर दहानं, चाकाला लागणारी ओढ तीच. वेग कमी केल्यावर ज्याचा भार उतरतो, तो पंखा. घाट तसा नाही. गाडी हळू नेल्यामुळे मोटरचा प्रवाह जराही कमी झाला नव्हता. उलट चढायला दुप्पट वेळ लागत होता, म्हणजे तीच उष्णता दुप्पट वेळ साचत होती. त्यात मोटरचा गार करणारा पंखा तिच्याच शाफ्टवर बसलेला, म्हणजे फेरे निम्मे झाल्यावर हवाही तुटली. तांब्याचा रोध प्रत्येक अंशामागे सुमारे 0.39 टक्क्यांनी वाढतो. 100 अंशांनी तापलं की रोध जवळजवळ 40 टक्क्यांनी जास्त, आणि त्याच प्रवाहाला उष्णताही तितकीच जास्त. मी दिलेला सल्ला मोटर जाळण्यासाठी देता येईल तितका नेमका होता.

मग टंग टेस्टरनं 60 का दाखवलं? ही चूक मला सगळ्यात जास्त लागली, कारण मोजमाप हा माझा धंदा आहे. पीडब्ल्यूएम कंट्रोलर बॅटरीचा पुरवठा सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. पुरवठा 40 टक्के वेळ चालू असेल तर मोटरला सरासरी 19 व्होल्ट मिळतात. बंद असलेल्या क्षणांत मोटरमधला प्रवाह थांबत नाही, तो कंट्रोलरच्या आतल्या डायोडमधून फिरत राहतो. म्हणजे बॅटरीतून सरासरी 60 अँपिअर निघत असतात, तेव्हा मोटरमधून 150 वाहत असतात. व्होल्ट आणि अँपिअरचा गुणाकार दोन्ही बाजूंना सारखाच भरतो. प्लेटवरच्या प्रवाहाच्या दुप्पट, म्हणजे उष्णता चौपट. मी बॅटरीच्या केबलला चिमटा लावून बसलो होतो आणि मोटर तिकडे दुसऱ्या केबलमधून जळत होती. चिमटा मोटरच्या केबलला लावला असता तर काही सेकंदांत कळलं असतं. तो बॅटरीकडे लावायचं एकमेव कारण म्हणजे ती केबल सीटखाली हाताला येत होती.

गिअरच्या बाबतीतही असंच झालं. इलेक्ट्रिक मोटरला गिअर लागत नाहीत हे ऐकून मी काकांना गाडी तिसऱ्यातच ठेवायला सांगितलं होतं. मोटार कंपन्या एकाच रेशोवर गाड्या बनवतात हे खरं, पण तो रेशो त्या मोटरच्या टॉर्कवरून ठरवलेला असतो. माझ्या मोटरचे 3 किलोवॅट 3000 फेऱ्यांवर होते, म्हणजे तिचा कायमचा टॉर्क साडेनऊ न्यूटन मीटर. प्लेटवर टॉर्क लिहिलेला नव्हता आणि मी काढून बघितला नाही. एकूण रेशो आठाचा धरला आणि गिअरमधली घट मिळवली तर घाटात तिला 22 न्यूटन मीटर ओढायला लागत होतं. रेशो दुप्पट केला असता तर टॉर्क निम्मा झाला असता. चुंबकाच्या मोटरीत त्यानं प्रवाह निम्मा आणि उष्णता चौथाई होते. सिरीज मोटरीत, लोखंड संपृक्त झालेलं नसेल तर, प्रवाह 70 टक्क्यांवर येतो आणि उष्णता निम्म्यावर. शिवाय फेरे वाढल्यानं पंखाही जोरात फिरला असता. काकांनी मात्र चढ लागताच आपसूक हात गिअरकडे नेला होता. “खालचा टाकू का?” असं त्यांनी विचारलंही होतं. आयुष्यभर घाट चढलेल्या माणसाला मी नको म्हणालो.

किलोवॅटच्या आकड्याबद्दल आणखी एक सांगायला हवं. कारखान्यातल्या मोटरच्या प्लेटवर एस-1 म्हणजे अखंड चालणारी की एस-2 म्हणजे ठराविक मिनिटांपुरती, हे लिहिलेलं असतं आणि ते वाचायची आम्हाला सवय असते. वाहनांच्या नियमांतही हाच भाग आहे. ज्या दुचाकीला नोंदणी लागत नाही तिची व्याख्या करताना आपल्या मोटार वाहन नियमांत 250 वॉटपेक्षा कमी असा आकडा येतो, पण तो 30 मिनिटांच्या शक्तीचा असतो, आणि जोडीला वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी. तो नियम मी पूर्वी वाचला होता. 30 मिनिटं का, हा प्रश्न मला पडला नाही. शक्तीचा आकडा हा उष्णतेचा आणि वेळेचा करार असतो. तीच मोटर पाच मिनिटं दुप्पट काम करेल आणि अर्ध्या तासात जळेल. बाजारात हब मोटर विकताना सांगितला जाणारा मोठा आकडा कितीदा त्या पाच मिनिटांतलाच असतो.

मोटर भरून झाली, रेशो बदलला, कंट्रोलरवर मोटरच्या बाजूची प्रवाहमर्यादा लावली, आर्मेचरजवळ तापमानाचा सेन्सर टाकला. गाडी परत चढेल याची खात्री झाली. त्यानंतर जे घडलं ते घाटातल्यापेक्षा गंभीर होतं, आणि ते दुकानाच्या दारातच घडलं.

अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलला मी दोन तारांचा पोटेन्शिओमीटर लावला होता. शून्य ओहम म्हणजे थांब, 5000 ओहम म्हणजे पूर्ण ओढ. तार तुटली तर रोध अनंत होतो, आणि माझ्या स्वस्त कंट्रोलरच्या लेखी तोही पूर्ण ओढीचाच हुकूम. पेडलखाली तार पत्र्याला घासत होती. हेल्पर गाडी मागच्या बाजूला लावायला म्हणून बसला आणि ती तार तुटली. रिक्षा पूर्ण ताकदीनं सुटली. त्यानं लाल इमर्जन्सी बटण दाबलं. काही झालं नाही. रस्त्याकडेला फाउंड्रीच्या काळ्या वाळूचा ढीग होता, पोरानं हँडल त्यात घातलं म्हणून वाचला. चाकं वाळूत गरगरत असताना मी पाना घेऊन बॅटरीचा लग काढला, तेव्हा ठिणगीनं हात भाजला.

बटणानं काम का केलं नाही ते नंतर कळलं. बॅटरीच्या मुख्य वाटेवर मी आमच्या पॅनेलमधला एसी कॉन्टॅक्टर बसवला होता. शेल्फवर पडून होता आणि अँपिअर भरपूर होते. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो, त्या क्षणी कॉन्टॅक्टरमधली ठिणगी आपोआप विझते. डीसी शून्यातून जातच नाही. तिथे ठिणगी तशीच ताणली जाते आणि संपर्क वितळवते. म्हणून डीसी कॉन्टॅक्टरमध्ये ठिणगीला बाजूला ओढून तोडणारे चुंबक असतात. त्यात भर म्हणजे कंट्रोलरच्या तोंडाशी मोठे कपॅसिटर असतात. ते रिकामे असताना बॅटरी सरळ जोडली की क्षणभर हजार अँपिअरच्या पुढचा झटका बसतो. दर वेळी चावी फिरवताना येणारा तो ‘टक्’ आवाज मी ऐकत होतो आणि गाडी तयार झाली असं समजत होतो. एके दिवशी त्या झटक्यानं संपर्क वेल्ड झाले. वरून कळायला काही मार्ग नव्हता, कारण गाडी चालूच होती. एक 100 ओहमचा रेझिस्टर आधी जोडून अर्ध्या-एक सेकंदानं कॉन्टॅक्टर मारला असता तर हे झालं नसतं. तो रेझिस्टर एका वडापावच्या किमतीत येतो.

या चुकीला ‘मी कारखान्यातला माणूस’ ही सबब चालणार नाही. तार तुटली तर मशीन थांबलं पाहिजे, ही गोष्ट कारखान्यातच शिकवतात. प्रत्येक स्टॉप बटण आम्ही एनसी लावतो, म्हणजे सर्किट जोडलेलं असतं आणि तुटलं की मशीन बंद. वडिलांनी मला पहिल्यांदा स्टार्टर जोडायला दिला तेव्हा हेच पहिलं बघितलं होतं. चाकांबद्दल जे चुकीचं होतं ते मी कारखान्यातून बरोबर आणलं, आणि जे बरोबर होतं ते तिथेच ठेवून आलो. पोटेन्शिओमीटर उलटा जोडला असता, तो चालवून घेणारा कंट्रोलर घेतला असता, तरी तार तुटल्यावर गाडी थांबली असती. आता मी हॉल सेन्सरचं पेडल वापरतो. सोडलेलं असताना ते साधारण 0.8 व्होल्ट देतं आणि पूर्ण दाबल्यावर चारच्या आसपास. त्याखाली किंवा त्यावर काहीही आलं की कंट्रोलर ओढ शून्य करतो. ब्रेकच्या स्विचनंही ओढ तुटते. चावी फिरवताना पेडल दाबलेलं असेल तर गाडी सुरूच होत नाही. त्या पोराच्या आईला मी घरी जाऊन काय झालं ते सांगितलं. तो आमच्याकडे अजून आहे. त्याचं श्रेय त्या घराला आहे.

दुसरी गाडी मालवाहू तीनचाकी होती, या वेळी रीतसर चाचणी झालेल्या किटची. चुंबकाची सिंक्रोनस मोटर, लिथियम फॉस्फेटची 51.2 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांची बॅटरी. कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये स्पीड मोड आणि टॉर्क मोड असे दोन पर्याय होते. इतकी वर्षं मी ड्राइव्हवर वेगच लावत आलो, म्हणून स्पीड मोड निवडला. त्यात पेडलची जागा म्हणजे हव्या असलेल्या वेगाचा आकडा. गाडी स्पीडब्रेकरवर जरा अडली की कंट्रोलर तो आकडा गाठायला सगळा प्रवाह ओततो, आणि पाय जरा वर आला की वेग उतरवायला जोरात ब्रेक मारतो. चालवणारा म्हणाला, गाडी माझ्याशी भांडते. टॉर्क मोडमध्ये पेडल म्हणजे ओढ, आणि वेग किती ठेवायचा हे माणसाचे डोळे ठरवतात. जुन्या डीसी लोकलमध्येही रोधांच्या पायऱ्या प्रवाहाकडे बघूनच काढल्या जात. प्रवाह ठरलेल्या मर्यादेखाली आला की पुढची पायरी. शंभर वर्षांपूर्वी गाडी बांधणाऱ्यांना हे माहीत होतं. मी वाचलं असतं तर मलाही कळलं असतं.

या गाडीत उतारावर वीज परत बॅटरीत घालणारा रिजन ब्रेक होता. मी तो जोरदार लावला. कोल्हापुरातून निघून पन्हाळ्यावर जाऊन परत येऊन बघितलं, उतारावर पायाचा ब्रेक दाबावा लागत नव्हता, म्हणून समाधानानं गाडी दिली. पण ज्यांनी ती घेतली ते राहायला गडावर. रात्रभर गाडी वर चार्ज व्हायची आणि सकाळी भरलेल्या बॅटरीनं उतरायला लागायची. सोळा सेलची ती बॅटरी 58.4 व्होल्टला पूर्ण भरते. त्यात आणखी वीज घालायला गेलं की बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट, तिला वाचवण्यासाठी चार्जिंग तोडतं, आणि त्याच क्षणी रिजन ब्रेक नाहीसा होतो. पहिल्याच वळणाआधी त्यांचा ब्रेक असा गेला. पायाचा ब्रेक चांगला होता आणि माणूस सावध होता. त्यांनी फोन केला तेव्हा आवाजात राग नव्हता, “असं होतं का हो यात?” एवढंच विचारलं. मी चाचणी नेहमी खालून सुरू केली होती, त्यामुळे वर पोचेपर्यंत बॅटरीत जागा झालेली असायची. गाडी कुठे मुक्कामाला असते हे मी विचारलंच नव्हतं.

आता 56 व्होल्टच्या पुढे रिजन हळूहळू कमी होत जातं, एकदम तुटत नाही, आणि उतारासाठी पायाच्या ब्रेकवरच भिस्त ठेवायची हे मी गाडी देतानाच सांगतो. त्यांना उतारावरची वीज वाया जाते याची हळहळ होती, म्हणून आम्ही बसून हिशेब केला. 700 किलोची गाडी 300 मीटर खाली येताना सगळी मिळून 0.57 युनिट ऊर्जा सुटते. टायर आणि मोटरची घट वजा जाता बॅटरीत निम्मी आली तरी पुष्कळ. त्यांच्या बॅटरीचे 10 टक्के म्हणजे अर्धा युनिट. तेव्हा चार्जर 90 टक्क्यांवर थांबेल असं सेटिंग करून दिलं. उतरताना त्यात सगळी परतलेली वीज मावते आणि खाली पोचेपर्यंत रिजन शाबूत राहतं. हिवाळ्यातल्या पहाटे मात्र सेल गार असतात, तेव्हा त्यांना जोरात चार्ज करणं बरं नाही, म्हणून त्या महिन्यांसाठी रिजनचा प्रवाह मी आणखी खाली आणून ठेवला आहे.